पाचशेच्या खाली

रक्ताच्या कर्करोगाच्या वॉर्डात सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘काउंट किती आले?’ रात्रभर खुर्चीत अवघडून झोपलेले नातेवाईक आठवडाभरात रिपोर्ट वाचायला शिकतात. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे एकूण पांढऱ्या पेशी १२००, त्यात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, २० टक्के, म्हणजे न्यूट्रोफिल झाल्या २४०. मोबाइलवर हा गुणाकार दहादा केला तरी आकडा तोच येतो. धडधाकट माणसात तो साधारण १५०० च्या वर असतो. ५०० च्या खाली गेला की डॉक्टरांचा सूर बदलतो. १०० च्या खाली गेला की मास्क न लावता पेशंटला भेटायला आलेल्या काकांना नर्स दारातूनच परत पाठवतात.

५०० ची ही रेघ उगाच ओढलेली नाही. डॉक्टर जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली तीव्र ल्युकेमियाच्या, म्हणजे झपाट्यानं वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाच्या, पेशंटच्या नोंदी तपासून दाखवलं की पांढऱ्या पेशी जितक्या कमी, तितका संसर्गाचा धोका जास्त. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या किती दिवस कमी राहतात यावर बरंच काही ठरतं. दोनचार दिवस काउंट पडले तर बहुधा जिवाणूंशीच गाठ पडते. दोनतीन आठवडे पडून राहिले की बुरशीची पाळी येते.

तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या त्याच्या एका प्रकारात नेमकं हेच होतं. सात दिवस सायटॅराबिन आणि त्यातले तीन दिवस जोडीला डाउनोरुबिसिन, ही पहिली केमो. ती संपल्यावर रोगट अस्थिमज्जा, म्हणजे रक्तपेशी जिथे तयार होतात तो हाडांतला गर, रिकामी होते आणि नव्या पेशी यायला तीनेक आठवडे लागतात. तेवढा काळ घराला पहारेकरीच नसतो.

चोराला मात्र लांबून यावं लागत नाही. ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात आणि आपण रोज शेकड्यांनी ते श्वासावाटे आत घेतो. आकार दोन-तीन मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या वीस-तीस पट लहान. त्यामुळे ते थेट फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. १७२९ साली फ्लॉरेन्सचे धर्मगुरू आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेली यांना सूक्ष्मदर्शकाखाली ही बुरशी चर्चमधल्या तीर्थ शिंपडायच्या दांड्यासारखी दिसली, म्हणून तिला हे नाव मिळालं. बहुतेक बुरशींना आपल्या शरीराची ऊब सोसत नाही. ॲस्परजिलस फ्युमिगेटस मात्र कुजणाऱ्या खताच्या ढिगात वाढलेली. पन्नास अंश तापमान तिला नवं नाही, तिथे ३७ अंशांचं काय!

निरोगी फुप्फुसात गस्तीच्या पेशी बीजाणू गिळून टाकतात. त्यातूनही एखादा रुजलाच तर त्याला तंतू फुटतो, आणि तो गिळण्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. तिथे न्यूट्रोफिलच लागतात. त्या तंतूला घेरून त्याच्यावर विषारी रसायनांचा मारा करतात. न्यूट्रोफिल नसले की तंतू रक्तवाहिनीची भिंत भेदून आत शिरतो, तिथे गुठळी होते आणि पुढचा भाग रक्ताविना मरतो.

आता औषधांची अडचण. बुरशी भिंतीवर उगवते म्हणून आपण तिला वनस्पतीच्या खात्यात टाकतो, पण वंशावळीत ती आपल्याला जवळची. जिवाणूची पेशी आपल्या पेशीहून इतकी वेगळी की वार करायला जागा पुष्कळ मिळतात. बुरशीची पेशी आतून बरीचशी आपल्यासारखी. नजरेत भरणारे फरक दोन. आपल्या पेशीच्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतं, तिच्या पडद्यात अर्गोस्टेरॉल. आणि तिच्याभोवती ग्लुकान नावाच्या साखरेची भिंत असते, आपल्या पेशीला भिंतच नसते. या वॉर्डात वापरली जाणारी बुरशीवरची जवळजवळ सगळी औषधं या दोन फटींतूनच आत शिरतात.

त्यातलं सगळ्यांत जुनं ॲम्फोटेरिसिन बी, १९५० च्या दशकातलं, व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या परिसरातल्या मातीतून मिळालेलं. ते अर्गोस्टेरॉलला चिकटून पडदा निकामी करतं, पण थोडंफार कोलेस्टेरॉलवरही जातं आणि त्याची किंमत मूत्रपिंडं मोजतात. जुन्या औषधानं पेशंटला अशी हुडहुडी भरायची की इंग्रजीत डॉक्टरच त्याला ‘ॲम्फो-टेरिबल’ म्हणू लागले. चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत भरलेलं आजचं लायपोसोमल ॲम्फो बरंच सोसवतं, पण महाग आहे. पिवळसर बाटली लटकताना दिसली की आपण ‘सलाईन लावलंय’ म्हणतो. गंमत अशी की हे औषध मिठाच्या पाण्यात कधीच मिसळत नाहीत, कारण त्याचा साका होतो. ते ग्लुकोजच्या पाण्यातूनच देतात. रक्तातलं पोटॅशियम मात्र तरीही घसरतं आणि ते रोज तपासावं लागतं.

या कुळातलं एक औषध आपल्या पिंपरीचं आहे. तिथल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या औषध कंपनीत शास्त्रज्ञ थिरुमलाचार यांच्या गटाला १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हॅमायसिन सापडलं. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं, त्याच्या नावातच गाव आलंय, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. ल्युकेमियाच्या उपचारात आज ते नाही, पण पिंपरी म्हटलं की फक्त मोटारी आठवणाऱ्यांनी एवढं ठाऊक करून घ्यायला हरकत नाही.

पुढे ॲझोल नावाच्या कुळातली औषधं आली. ती अर्गोस्टेरॉल तयारच होऊ देत नाहीत. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ॲस्परजिलसच्या पेशंटना यातलं व्होरिकोनाझोल किंवा साधं ॲम्फो दिलं गेलं. बारा आठवड्यांनी पहिल्या गटातले सुमारे ७१ टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ५८ टक्के. तेव्हापासून ॲस्परजिलसवर आधी ॲझोल हा रिवाज पडला. व्होरिकोनाझोल घेतल्यावर काहींना तासाभरासाठी दिवे लखलखताना किंवा रंग बदललेले दिसतात. आधी सांगितलेलं नसलं तर पेशंट हबकतो. ग्लुकानच्या भिंतीवर वार करणारं कॅस्पोफंजिन तिसऱ्या कुळातलं. ते मुख्यतः कँडिडावर चालतं, म्हणजे आतड्यातून किंवा सेंट्रल लाइनवरून, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीवरून, रक्तात उतरणाऱ्या यीस्टवर. आणि २०२१ मध्ये आपण सगळ्यांनी ‘काळी बुरशी’ म्हणून जिचं नाव ऐकलं, त्या म्युकरवर व्होरिकोनाझोल चालतच नाही. तिथे पुन्हा ॲम्फोच, आणि सर्जनचा चाकू.

म्हणून कोणती बुरशी हे कळणं मोलाचं, आणि तेच सगळ्यांत अवघड. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट १५ हजारांपर्यंत घसरलेल्या असताना फुप्फुसात सुई घालून तुकडा काढायला कोण धजावेल? मग आडून शोध घ्यावा लागतो. रक्तात गॅलॅक्टोमॅनन आहे का, म्हणजे ॲस्परजिलसच्या भिंतीतली साखर सांडली आहे का, ते पाहतात. सीटी स्कॅनमध्ये डागाभोवती धुरकट कडं दिसतं का, तेही पाहतात. हे कडं पहिल्या काही दिवसांतच ठळक असतं. त्यामुळे अँटिबायोटिक चालू असताना चारपाच दिवस ताप हटत नसेल तर पुरावा हाती येण्याची वाट न पाहता बुरशीचं औषध सुरू करतात. ‘निदान नाही आणि एवढं महाग इंजेक्शन?’ असं नातेवाइकांना वाटतं. वाटणारच. पण इथे उशीर औषधाहून महाग पडतो.

याहून शहाणपणाचं म्हणजे आधीच बांध घालणं. २००७ च्या चाचणीत केमोच्या काळात पोसाकोनाझोल दिलेल्यांपैकी २ टक्क्यांना खोलवर पसरणारा बुरशीचा संसर्ग झाला. जुने ॲझोल घेणाऱ्यांत हे प्रमाण ८ टक्के होतं. तेव्हा ते पातळ औषध होतं आणि नीट शोषलं जावं म्हणून स्निग्ध जेवणासोबत घ्यायचं. ज्याचं तोंड केमोनं सोललंय त्याला तूप-भात खा म्हणायचं! पुढे गोळी आली आणि ही कटकट मिटली. ॲझोलचा दुसरा गुण असा की यकृतात इतर औषधांचा निचरा ते अडवतात. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या मुलांना व्हिन्क्रिस्टिन ही केमो चालू असताना ॲझोल दिलं तर हातापायांच्या नसा गळाठतात, आतडी ठप्प होतात. याच अडथळ्याचा आपल्याकडे फायदाही करून घेतात. व्हेनेटोक्लॅक्स ही ल्युकेमियावरची गोळी ४०० ऐवजी ७० किंवा १०० मिलिग्रॅम देऊन भागतं, आणि त्या गोळीच्या किमतीत हा फरक छोटा नाही. अर्थात हा हिशेब डॉक्टरांनीच करायचा.

घरच्या काळजीबद्दल माझं मत थोडं उलटं आहे. लोक सॅलडवर घसरतात. फळंभाज्या स्वच्छ धुवाव्यात हे खरंच, पण सगळं कच्चं अन्न बंद केल्यानं संसर्ग घटल्याचं चाचण्यांत काही ठोस दिसलेलं नाही. आणि त्याच घरात दिवाळीची जळमटं पेशंटच्या खोलीत झाडली जातात, शेजारच्या फ्लॅटची फरशी फुटत असते, पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीला पलंग टेकलेला असतो. जपायचं ते इथे. कुंड्यांची माती उकरणं, धान्य पाखडणं, माळ्यावरच्या गाद्या काढणं, ही कामं दुसऱ्यानं करावीत, आणि पेशंट दुसऱ्या खोलीत असताना.

घराबाहेरची एक गोष्ट मात्र कुणा एकाच्या हातात नाही. द्राक्षावरच्या भुरीसाठी फवारतात त्या औषधांत हेक्साकोनाझोल, टेब्युकोनाझोल अशी नावं असतात. नावाचा शेवट व्होरिकोनाझोलसारखाच, कारण कूळ तेच. शेतातल्या मातीत राहून या फवारण्यांना सरावलेली ॲस्परजिलस नेदरलँड्समध्ये आणि भारतातही आढळली आहे. तिच्यावर व्होरिकोनाझोल लागू पडेलच असं नाही. फवारणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याचीही बाग जळत असते.

औषधं बुरशीला रोखून धरतात, पण निकाल न्यूट्रोफिलच लावतात. म्हणून पुन्हा सकाळचा तोच प्रश्न. आकडा ६२० येतो आणि ताप उतरतो. नेमक्या त्याच आठवड्यात सीटीतला डाग मोठा दिसला तर घाबरायला होतं, पण परतलेल्या पेशी तिथे गोळा होऊन कामाला लागल्यानंही तसं दिसू शकतं. मग मेलेला भाग आक्रसतो आणि डागाच्या कडेला हवेची काळी चंद्रकोर उमटते. खोकल्यातून रक्त येण्याचा धोका याच दिवसांत असतो, म्हणून घरी सोडायची घाई करत नाहीत. ॲझोलची गोळी सहा ते बारा आठवडे, कधी त्याहूनही जास्त चालते. तोवर पुढच्या केमोची तारीख आलेली असते. काउंट पुन्हा पडणार असतात, आणि गोळी चालूच ठेवायची असते.