बावन्नातून सदतीस आणि ‘दृश्य’ विद्यार्थी

तिसरीतल्या मुलाने ५२ वजा ३७ हे गणित मांडावे आणि उत्तर २५ लिहावे, हा प्रसंग प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या कोणालाही नवा नाही. एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत, म्हणून ते मूल सरळ सातातून दोन वजा करते, कारण ‘मोठ्या आकड्यातून लहान काढायचा’ एवढेच त्याच्या लक्षात राहिलेले असते. अशा वेळी प्रशिक्षणात अध्ययनशैलींचा धडा घेऊन आलेल्या शिक्षिकेला वाटते की हे मूल ‘दृश्य’ असेल तर रंगीत तक्ता लावावा, ‘श्राव्य’ असेल तर नियमाचे गाणे करावे. तिचा हेतू निर्विवाद चांगला असतो. पण प्रत्येक मुलाची शिकण्याची एक ठरावीक शैली असते आणि त्या शैलीने शिकवले तर ते अधिक शिकते, या गृहीतकावर हा उपाय उभा आहे, आणि ते प्रयोगांच्या कसोटीला उतरलेले नाही.

या वर्गीकरणाचा सर्वांत परिचित नमुना न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी १९९२ मध्ये मांडला. पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि कृतीतून असे शिकण्याचे चार मार्ग त्यात धरले असून, आपला कल कोणत्या मार्गाकडे आहे हे प्रश्नावली भरून ठरवता येते. अर्थात अशी वर्गीकरणे पुष्कळ आहेत; २००४ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या एका आढाव्यात त्यांची संख्या ७१ भरली. एकाच मुलाला ७१ प्रकारे विभागता येत असेल, तर त्यातला कोणता विभाग खरोखर त्या मुलात आहे आणि कोणता प्रश्नावलीत, ही शंका तिथेच यायला हवी होती. तरीही २०१२ मध्ये ब्रिटन आणि नेदरलँड्समधील शिक्षकांना विचारले असता नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी या कल्पनेवर विश्वास असल्याचे सांगितले. बुद्धी एकच नसून अनेक प्रकारची असते, या मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांच्या बहुविध बुद्धिमत्तांच्या सिद्धान्ताचा दाखलाही इथे सर्रास दिला जातो. वास्तविक आपला सिद्धान्त म्हणजे अध्ययनशैली नव्हे, असे खुद्द गार्डनर यांनीच जाहीरपणे स्पष्ट केले आहे.

कल्पना खरी की खोटी हे तपासायचे कसे, याचे उत्तर मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅश्लर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नेमकेपणाने दिले. मुलांचे आधी ‘दृश्य’ आणि ‘श्राव्य’ असे गट करावेत, मग प्रत्येक गटातील निम्म्यांना चित्रांतून आणि निम्म्यांना बोलून तोच धडा शिकवावा आणि शेवटी सर्वांची एकच परीक्षा घ्यावी. दृश्य मुलांना चित्रांचा आणि श्राव्य मुलांना बोलण्याचा अधिक लाभ झाला, तरच शैलीनुसार शिकवण्याला अर्थ आहे. सगळ्यांनाच चित्रांचा लाभ झाला, तर त्यातून एवढेच कळते की त्या धड्याला चित्रे हवी होती. या निकषाला उतरणारे अभ्यास त्यांना हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सापडले आणि त्यांतील काहींचे निष्कर्ष तर कल्पनेच्या थेट विरोधात होते. पुढे २०१५ मध्ये प्रौढांवर असाच प्रयोग झाला. एकच मजकूर काहींनी ऐकला, काहींनी पडद्यावर वाचला. लगेच आणि पुन्हा दोन आठवड्यांनी चाचणी घेतली, तेव्हा आवडीचे माध्यम मिळाल्याचा कोणताही फायदा दिसला नाही.

आवड मात्र खरी असते, आणि गोंधळ नेमका तिथे होतो. आवडीच्या रीतीने शिकताना विषय सोपा वाटतो आणि सोपे वाटले म्हणजे कळले, अशी आपली समजूत होते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतर घेतलेल्या चाचणीत पुढे होते; आठवडाभराने मात्र पुस्तक मिटून आठवण्याचा सराव केलेल्यांनी त्यांना मागे टाकले. पुन्हा वाचणाऱ्यांना स्वतःच्या तयारीची खात्री अधिक होती, हे विशेष.

माध्यम निवडायचे ते विषयाकडे पाहून. सह्याद्रीच्या रांगेतून कोणती नदी कुठे उगम पावते हे नकाशाशिवाय कळणार नाही, मग विद्यार्थी कितीही ‘श्राव्य’ असो. आणि तबल्याचे बोल आधी तोंडाने म्हणावे लागतात, मग हाताने वाजवावे लागतात, यातून कोणाचीच सुटका नाही.

मुले एकमेकांपासून वेगळी असतात, हे मात्र खरे. शिकवण्याच्या दृष्टीने त्यांच्यातला सर्वांत महत्त्वाचा फरक म्हणजे कोणाला आधीपासून काय येते हा. याचा ठोस पुरावा आपल्या मुंबईतच मिळाला. ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी कार्यक्रमात मनपा शाळांतील तिसरी-चौथीच्या मागे पडलेल्या मुलांना वेगळे बसवून, वस्तीतल्याच तरुणी त्यांना जिथे अडले होते तिथून शिकवत. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई व वडोदरा येथे त्याची काटेकोर चाचणी घेतली आणि मुलांचे गुण स्पष्टपणे वाढल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध केले. कोण दृश्य, कोण श्राव्य, हे तिथे कोणी विचारले नव्हते.

तेव्हा २५ उत्तर लिहिणाऱ्या मुलाला आधी विचारावे, की ५२ मध्ये दशक किती आणि सुटे किती. ते अडखळले, तर काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवाव्यात. दोनातून सात काढता येत नाहीत, म्हणून ते स्वतःच्या हाताने एका गठ्ठ्याचे रबर सोडते, बारा काड्या मोजते, सात बाजूला करते आणि उरलेल्या चार गठ्ठ्यांतून तीन उचलते. मात्र शेजारी बसलेल्या, हातचा पक्का झालेल्या मुलीला याच काड्या अडथळा ठरतात, आणि महिन्याभराने या मुलालाही त्या अडथळाच ठरतील. तेव्हा त्या त्याच्यापुढून उचलून घ्याव्या लागतील.