मुंबईचं पाणी आणि रनऑफचा आकडा : पार्श्वभूमी

मुंबईत हिरवे चर (पावसाचं पाणी मुरवायला रस्त्याकडेला खणलेले, झाडं-गवत लावलेले उथळ चर), पाणी मुरणारे पेव्हर ब्लॉक यावर आता कुठे बोलणं सुरू झालंय. इतका उशीर का झाला, ते एका आकड्यात दडलंय.

शहराची जुनी गटारं ब्रिटिश काळातली. हिशोब असा की तासाला २५ मिमी पाऊस, तोही ओहोटीला, आणि रनऑफ, म्हणजे पडलेल्या पावसातला वाहून जाणारा हिस्सा, ०.५; थोडक्यात अर्धं पाणी जमिनीतच जिरणार. तेव्हा वाड्या, मैदानं, खाजणं होती म्हणून ते खपून गेलं.

१९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात (मुंबईच्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा) दोन्ही आकडे बदलले, तासाला ५० मिमी आणि रनऑफ थेट १. सगळ्यांच्या लक्षात फक्त '२५ चे ५०' राहिलं, पण गुणाकार केला की गटारात येणारं पाणी दुप्पट नाही, चौपट होतं! १ धरायला कारण होतं हे मान्य, जुलैत जमीन आधीच तुडुंब भिजलेली असते, वरून भरती असली की पाणी समुद्रात जातच नाही, मग इंजिनियर सुरक्षित आकडाच घेणार. पण माझ्या मते खरा घोळ इथेच झाला, कारण एकदा कागदावर सगळंच पाणी वाहून जाणार म्हटलं की तुम्ही अंगण उघडं ठेवा नाहीतर सिमेंट ओता, गटाराच्या डिझाइनला काडीचा फरक पडत नाही. मातीचं काम हिशोबातूनच गेलं.

त्याच सुमारास अमेरिकेत मेरीलँडमध्ये पार्किंगच्या कडेला झाडं लावलेले खोलगट वाफे करून पाणी जिरवायला सुरुवात झाली होती. आपल्याकडे २००२ पासून मोठ्या प्लॉटना रेनवॉटर हार्वेस्टिंगची अट आली खरी, पण ती पाणीटंचाईसाठी, पुराशी तिचा संबंध कुणी जोडला नाही.

मग २६ जुलै २००५, सांताक्रूझला ९४४ मिमी. अहवालावरची धूळ झटकली गेली, हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशी पंपिंग स्टेशनं झाली, नंतर दादरच्या सखल हिंदमाता भागाचं पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या आल्या. सगळं उपयोगाचंच, पण सगळं पाणी खाली जमल्यावरचं.

चीनने २०१५ मध्ये १६ शहरांत पाणी मुरवायचा प्रयोग सुरू केला, पुढे तो इतर शहरांतही गेला, तरी २०२१ ला त्यातल्याच झेंगझोऊमध्ये (पहिल्या १६ मधलं नव्हे) एका तासात २०१.९ मिमी पडला आणि शहर बुडालंच. त्यामुळे चरांनी २६ जुलै थांबेल असं कुणी सांगू नये. त्यांचा फायदा नेहमीच्या सरींना, जेव्हा पाणी तासभर उशिरा गटारात पोचलं तरी बरंच निभावतं.

आणि आता रस्ते काँक्रीटचे होतायत. पेव्हर ब्लॉकच्या फटी दिसतात, पण बऱ्याच ठिकाणी खाली काँक्रीटचाच थर असतो, मुरणार कुठे? एकदा काँक्रीट झालेला रस्ता पुढची कित्येक वर्षं कुणी उकरणार नाही, म्हणून कडेला चर हवा असेल तर तो आत्ताच ड्रॉइंगमध्ये यायला हवा.