बागेतलं ऊन मोजायचं कुठे?

मे अखेरीस भर दुपारी जळगावकडच्या लिंबाच्या बागेत सावली बुंध्याभोवतीच गोळा झालेली असते. जळगाव 21 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मे अखेरीस आणि जुलैच्या मध्यानंतर, असा वर्षातून दोनदा सूर्य इथे थेट डोक्यावर येतो. डिसेंबरात मात्र भर दुपारीही तो दक्षिणेला जेमतेम 45 अंशांवर असतो आणि चार मीटर उंच झाडाची सावली उत्तरेला चार मीटर पसरते. ओळी पूर्व-पश्चिम असतील, तर ती मागच्या ओळीवर जाते. झाड तेच, पण त्याने अडवलेलं ऊन वेगळं.

सगळंच ऊन पानाच्या कामाचं नसतं. प्रकाशसंश्लेषणाला 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण लागतात. सौर प्रारणातली जवळपास निम्मी ऊर्जा त्यांत असते आणि त्यातली साधारण 85 टक्के पान शोषून घेतं. ते मोजायला लांब दांडीवर ओळीने सेन्सर बसवलेलं उपकरण वापरतात. झाडावर पडलेल्या उन्हातून वर परतलेलं आणि खाली झिरपलेलं वजा करायचं, जमिनीवरून परत पानांकडे गेलेलं मिळवायचं, की पानांनी शोषलेलं ऊन कळतं. तापीकाठच्या काळ्या जमिनीवरून फार थोडं ऊन परततं. पण झाडाखाली चंदेरी मल्चिंग, म्हणजे जमीन झाकणारं प्लास्टिक, अंथरलं असेल, तर हा आकडा सोडून चालत नाही.

गहू-ज्वारीच्या दाट शेतात हिशेब सोपा असतो. पानांचे थर वाढतील तसा खालचा प्रकाश ठरावीक प्रमाणात घटत जातो, हे मोन्सी आणि साएकी या जपानी शास्त्रज्ञांनी 1953 मध्ये मांडलं. बागेत हे सूत्र तसंच लावलं, तर शोषलेलं ऊन जास्त दिसतं; कारण पानं घुमटांत एकवटलेली असतात आणि दोन ओळींमध्ये उघडी जमीन असते. बुंध्याशी घेतलेला आकडा एक सांगतो, वाटेवरचा दुसराच. म्हणून एका ओळीपासून दुसरीपर्यंतचा सगळा पट्टा चौकटी आखून मोजावा लागतो, तोही सकाळपासून संध्याकाळपर्यंत. माझ्या मते बागेतल्या मोजणीत सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथेच, उपकरणात नव्हे.

एवढा खटाटोप कशासाठी? ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन मॉन्टीथ यांनी 1977 मध्ये दाखवलं, की पिकाचं वाळलेलं वजन त्याने अडवलेल्या उन्हाच्या प्रमाणात वाढतं. त्यांनी अभ्यासलेल्या पिकांत सफरचंदही होतं. पण फळबागेत नुसतं जास्त ऊन अडवून भागत नाही. बाहेरच्या पानांनीच सगळं ऊन घेतलं, तर घेराच्या पोटातल्या फांद्या अंधारात राहतात. सफरचंदात पूर्ण उन्हाच्या साधारण 30 टक्क्यांखाली फळकळ्या नीट धरत नाहीत. आपल्या मोसंबी-पेरूला तोच आकडा लावू नये. पण घेराच्या आत किती ऊन पोचतं, हे छाटणीच्या आधी आणि नंतर जरूर मोजावं.

उपकरण नसेल, तर चौकटी आखलेली पांढरी चादर झाडाखाली अंथरून किती चौकटींत ऊन पडलंय, ते मोजता येतं. यातून कळतं ते अडवलेलं ऊन. त्यातलं पानांनी शोषलं किती, हे ती चादर सांगत नाही. सकाळी, दुपारी आणि उन्हं कलल्यावर, त्याच ओळीत, त्याच जागी ती अंथरली, तर छाटणीने नेमका किती फरक पडला, ते दिसतं.