आधी ड्रिपर तापवा, मग कॉफी

घरी पोअर-ओव्हर कॉफी, म्हणजे कागदी गाळणीतल्या पुडीवर गरम पाणी ओतून केलेली कॉफी, करू लागलेल्यांची एक तक्रार नेहमी ऐकू येते: चांगले दाणे आणले, ताजे दळले, पाणीही मोजून ओतले, तरी कॉफी आंबट आणि पाणचट. दाण्यांना दोष देण्याआधी कपावर बसवलेल्या चिनी मातीच्या त्या देखण्या शंकूकडे, म्हणजे ड्रिपरकडे, पाहा. बऱ्याचदा पाण्यातली उष्णता त्यानेच खाल्लेली असते.

हिशोब करून पाहू. ड्रिपर समजा ४०० ग्रॅमचा आहे. चिनी मातीची विशिष्ट उष्णता (एक ग्रॅम पदार्थ एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) पाण्याच्या साधारण एक पंचमांश असते. म्हणजे हा ड्रिपर तापवणे आणि ८० ग्रॅम पाणी तापवणे, दोन्हींना सारखीच उष्णता लागते. आता १५ ग्रॅम कॉफीवर पहिल्यांदा आपण ओततो जेमतेम ४५ ग्रॅम पाणी, ९५ अंश सेल्सिअसचे. ड्रिपर २५ अंशांवर असेल आणि दोघांत उष्णता पुरती वाटली गेली, तर दोघेही ५० अंशांच्या आसपास येऊन थांबतील! प्रत्यक्षात घसरण इतकी होत नाही. मध्ये कागद आणि कॉफीचा थर असतो, शिवाय चिनी मातीतून उष्णता सावकाश पसरते. तरी अर्क उतरायला सुरुवात होते त्याच वेळी पाणी थंडावते, हे खरेच.

म्हणून कागद बसवून झाला की ड्रिपरमधून कपभर उकळते पाणी जाऊ द्यावे आणि ते फेकून द्यावे. कागदाचा वासही त्यात निघून जातो. एकदा तापला की सिरॅमिक ड्रिपर उष्णता बराच वेळ धरून ठेवतो. मात्र सकाळच्या घाईत ही पायरी गाळायची असेल, तर प्लास्टिकचा साधा ड्रिपर घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. तो हलका असतो, उष्णतेचा मंदवाहक असतो आणि पाण्याकडून फारच थोडे घेतो.

तापमानाला इतके महत्त्व का? भाजलेल्या कॉफीचा वजनाने साधारण ३० टक्के भाग गरम पाण्यात विरघळू शकतो. पण सगळा उतरवायचा नसतो. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉकहार्ट यांच्या १९५०च्या दशकातल्या कामातून १८ ते २२ टक्क्यांचा पट्टा पुढे आला आणि तो आजही प्रमाण मानतात. आम्ले चटकन विरघळतात, कडवट द्रव्ये रेंगाळत येतात. पाणी थंड पडले तर आम्ले तेवढी कपात येतात आणि त्यांना तोलणारा गोडवा, कडवटपणा मागेच राहतो.

पहिल्या ओतण्यानंतर ३०-४५ सेकंद थांबायचे, त्यालाही कारण आहे. भाजताना दाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडला जातो. पाणी पडताच तो उसळून बाहेर येतो, कॉफीचा थर फुगतो, त्यावर बुडबुडे फुटू लागतात. वायू असा बाहेर पडत असताना पाण्याला कणांच्या आत शिरता येत नाही. थर अजिबात फुगला नाही, तर कॉफी शिळी आहे असे खुशाल समजावे.

त्यानंतरचा सगळा खेळ प्रवाहाचा. फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर काम करताना हेन्री डार्सी या अभियंत्याने वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने झिरपते याचा नियम १८५६ साली मांडला. कॉफीच्या थरालाही तोच लागू पडतो. कणांचा व्यास निम्मा केला, तर थराची पार्यता, म्हणजे पाणी झिरपू देण्याची क्षमता, साधारण चौथाईवर येते. दळण जरासे बारीक झाले की पाणी तुंबते ते यामुळेच. हारिओ कंपनीच्या व्ही-६० या ६० अंशांच्या जपानी शंकूला तळाशी एकच मोठे भोक असते, म्हणून तिथे वेग ठरवते ती कॉफीची भरड. आतल्या सर्पिल कडा कागदाला भिंतीला चिकटू देत नाहीत. त्यामुळे हवेला बाहेर पडायला वाट मिळते.

कागदाची कल्पना ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांची. १९०८ साली त्यांनी पितळी भांड्याला भोके पाडून त्यात मुलाच्या वहीतला टीपकागद घातला. त्यांना कपातला गाळ नको होता. पण कागद कॅफेस्टॉलसारखी तेलकट द्रव्येही अडवतो, जी रक्तातले एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल वाढवतात.

आपल्याकडे दुकानात मिळणारी फिल्टर कॉफीची पूड इथे वापरू नये. ती फार बारीक असते आणि बहुधा चिकोरी मिसळलेली. चिकोरी कॉफीपेक्षा कितीतरी जास्त विरघळते, त्यामुळे वरचे सगळे हिशोब कोलमडतात. शुद्ध कॉफी मध्यम भरड दळा, १५ ग्रॅमला २५० ग्रॅम पाणी घ्या. सगळे पाणी तीन मिनिटांच्या आसपास खाली उतरले पाहिजे. आंबट लागली तर दळण किंचित बारीक करा, कडू लागली तर किंचित जाड. एका वेळी एवढेच बदला. पाण्याचे प्रमाण आणि तापमान तेच ठेवा.