स्तनाच्या कर्करोगाचा अस्थिप्रसार : रुग्णसेवा आणि संशोधन (बेळगाव सीमाभाग)

स्तनातील मूळ गाठीच्या पेशी रक्तावाटे हाडांत जाऊन तेथे वाढू लागल्या, की त्या अवस्थेस अस्थिप्रसार म्हणतात. मणके, कटिभागाची हाडे, बरगड्या आणि मांडीचे हाड ही त्याची नेहमीची ठिकाणे होत. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या (इस्ट्रोजेन-ग्राही) गाठींत हा प्रसार विशेष आढळतो आणि मूळ उपचारांनंतर दहा वर्षांनीही तो प्रकट होऊ शकतो.

लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या ७३५ रुग्णांच्या शवचिकित्सेच्या नोंदी तपासल्या आणि पेशींचे बी अनुकूल मातीतच रुजते, असे प्रतिपादन केले. हाड अनुकूल का ठरते, याचा उलगडा मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस होऊ लागला. कर्करोगाच्या पेशी पॅराथायरॉइड संप्रेरकासारखे एक प्रथिन स्रवतात. त्यामुळे हाड घडवणाऱ्या पेशी रँक-लिगँड हा रेणू अधिक निर्माण करतात आणि हाड झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी चेतावतात. झिजणाऱ्या हाडातून मोकळी होणारी वृद्धिद्रव्ये पुन्हा कर्करोगालाच पोसतात. झोलेड्रॉनिक आम्ल आणि डेनोसुमॅब ही औषधे हेच चक्र रोखतात. त्यांनी हाड मोडण्याचा धोका घटतो. मूळ रोगावरील संप्रेरकोपचार किंवा केमोथेरपी अर्थातच चालू ठेवावी लागते.

सीमाभागात निदानातील खरी अडचण कंबरदुखीची आहे. खानापूर तालुक्यात भातलावणी करणारी किंवा निपाणी भागात दिवसभर बसून विड्या वळणारी स्त्री पाठीचे दुखणे कष्टाच्या खाती टाकते, आणि घरची माणसेही तेच म्हणतात. पूर्वी स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रीच्या बाबतीत हे गृहीत धरणे धोक्याचे असते. रात्री पडल्यावरही न थांबणारे दुखणे असेल, तर काळजीपूर्वक तपासणारा डॉक्टर एकेक मणका बोटाने दाबून पाहतो, पायांना मुंग्या येतात का, लघवी अडकते का, हे विचारतो. ही विचारपूस रुग्णाच्या मराठीतच व्हायला हवी. दुखण्याचे बारकावे परक्या भाषेत हाती लागत नाहीत. पायांतील बळ कमी होत असल्यास मज्जारज्जूवर दाब आल्याची शंका धरून त्याच दिवशी एमआरआय करावा लागतो, कारण एकदा गेलेले बळ अनेकदा परतत नाही.

वेदनेसाठी ८ ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रेचा एकच किरणोपचार पुष्कळदा पुरेसा ठरतो. पुढे तो पुन्हा द्यावा लागण्याची शक्यता मात्र अधिक असते. झोलेड्रॉनिक आम्ल सलाइनमधून किमान १५ मिनिटे दिले जाते आणि त्याआधी मूत्रपिंडांचे काम कळावे म्हणून रक्तातील क्रिएटिनीन पाहिले जाते. दातांची तपासणी तर मुळीच टाळू नये, कारण या औषधाने क्वचित जबड्याचे हाड मृत होते आणि दात काढल्यानंतर हा धोका वाढतो. मिश्री लावणाऱ्या स्त्रियांच्या हिरड्या आधीच खराब असू शकतात. त्यांच्याबाबत हे अधिकच लागू आहे.

बेळगावातील रुग्णालयांखेरीज कोल्हापूर, मिरज किंवा मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय येथेही या भागातील रुग्ण जातात, त्यामुळे जुने अहवाल आणि औषधांच्या तारखा फाइलमध्ये एकत्र असणे अगत्याचे ठरते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,८२२ रुग्णांवरील अमेरिकी चाचणीत झोलेड्रॉनिक आम्ल दर ४ आठवड्यांऐवजी दर १२ आठवड्यांनी दिले, तरी दोन वर्षांत हाडांच्या गुंतागुंती वाढल्या नाहीत. एसटीने तालुक्याच्या गावाहून येणाऱ्या, रोजंदारी बुडवणाऱ्या स्त्रीसाठी या निष्कर्षाचे मोल मोठे आहे.