इंग्रजी उतारा आणि व्याकरण : सराव संच कसा आहे, कसा वापरावा

माध्यमिक शाळेतल्या मुलांचे पालक संच मागायला येतात तेव्हा बहुधा दोनपैकी एक तक्रार असते. पहिली, "उताऱ्यातले शब्द सगळे येतात, अर्थही सांगतो, पण प्रश्नांची उत्तरं चुकतात." दुसरी, "व्याकरणाच्या रिकाम्या जागा सगळ्या बरोबर, आणि स्वतःचं पत्र लिहायला घेतलं की तिसऱ्याच ओळीत 'ही गो'." वरवर वेगळ्या वाटणाऱ्या या दोन्ही तक्रारींचं मूळ आमच्या मते एकच आहे. उतारा एका वहीत आणि व्याकरण दुसऱ्या वहीत होतं, त्यामुळे वाचताना व्याकरण कामाला येत नाही आणि व्याकरण करताना समोर अर्थ नसतो. म्हणून आमच्या प्रत्येक सरावपत्रिकेवर एकच उतारा असतो आणि व्याकरणाचा प्रत्येक प्रश्न त्याच उताऱ्यातून काढलेला असतो.

हे कसं चालतं ते एका छोट्या तुकड्यावरून पाहू. संचातले उतारे अर्थातच रोमन लिपीत असतात. इथे सोयीसाठी देवनागरीत दिला आहे.

'व्हेन द बेल रँग, मीरा हॅड ऑलरेडी पॅक्ड हर बॅग. शी लुक्ड आउट ऑफ द विंडो अँड साइड. द फील्ड वॉज अंडर वॉटर. "देअर गोज अवर मॅच," शी सेड.'

पहिला प्रश्न : आधी काय झालं, घंटा वाजली की दप्तर भरून झालं? घाईने वाचणारा मुलगा 'घंटा' म्हणतो, कारण वाक्यात ती आधी येते. उत्तर मात्र 'हॅड पॅक्ड' या क्रियापदात आहे. पूर्ण भूतकाळ इथे घटनांचा क्रम सांगतो. हाच काळ रिकाम्या जागेत भरताना मुलं चुकत नाहीत, पण वाचताना त्याच्यावरून नजर घसरते.

दुसरा प्रश्न : मीराने उसासा का टाकला? तुकड्यात 'बिकॉज' कुठेच नाही. मैदान पाण्याखाली आहे आणि आज सामना होता, या दोन गोष्टी वाचणाऱ्याने स्वतः जोडायच्या आहेत. तिसरा प्रश्न शेवटच्या वाक्याचा. शब्दाला शब्द लावला तर सामना कुठेतरी चालत निघाल्यासारखा वाटतो. आजूबाजूची वाक्यं हाताशी धरली की "गेला आपला सामना!" हा तिचा सूर कळतो.

चौथा प्रश्न आम्ही मुद्दाम घालतो. 'पाऊस पडला असं उताऱ्यात सांगितलं आहे', हे विधान बरोबर की चूक? बरीच मुलं बिनधास्त 'बरोबर' लिहितात. पाऊस पडला असण्याची शक्यता मोठी आहे, पण तसं सांगितलेलं नाही. सांगितलेलं काय आणि आपण ताडलेलं काय, हा फरक ज्याला पटकन दिसतो त्याचे पुढचे निम्मे प्रश्न सोपे होतात, असा आमचा अनुभव आहे.

प्रश्न कसे काढलेले आहेत

उताऱ्यावरचे प्रश्न चार जातींचे असतात : थेट माहिती शोधण्याचे, ताडून सांगण्याचे, संदर्भावरून शब्दाचा अर्थ लावण्याचे, आणि संपूर्ण उताऱ्याचा रोख किंवा लेखकाचा सूर ओळखण्याचे. यातली पहिली जात सगळ्यांना जमते. म्हणून ती आम्ही थोडीच ठेवतो.

बहुपर्यायी प्रश्नांत चुकीचे पर्याय आम्ही फार विचार करून लिहितो, कारण खरं शिकणं तिथेच होतं. एक पर्याय असा असतो की तो जगात खरा असतो, पण उताऱ्यात नसतो. दुसऱ्यात उताऱ्यातलेच शब्द असतात, फक्त संबंध उलटा लावलेला असतो. तिसरा जवळजवळ बरोबर असतो, पण त्यात 'ऑल', 'ऑलवेज', 'ओन्ली' असा एखादा शब्द घुसवून विधान ताणलेलं असतं. उत्तरपुस्तिकेत बरोबर पर्यायापाशी थांबत नाही. प्रत्येक चुकीचा पर्याय का चुकीचा, हे उताऱ्यातल्या ओळीचा क्रमांक देऊन मराठीत सांगितलेलं आहे. उत्तर बरोबर आलं तरी हे स्पष्टीकरण वाचावं, कारण अंदाजाने आलेलं बरोबर उत्तर पुढच्या उताऱ्यात कामाला येत नाही.

उताऱ्याची पातळी आणि विषय

उतारा किती अवघड असावा? हू आणि नेशन या भाषाअभ्यासकांनी 2000 साली केलेल्या प्रयोगात असं दिसलं की मजकूर कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायला त्यातले सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी. तीनशे शब्दांच्या उताऱ्यात सहा. वाचणाऱ्याला दर ओळीत एक शब्द अडत असेल तर तो वाचत नसतो, नुसते शब्द सोडवत असतो. त्यामुळे "अवघड उतारे द्या, सवय होईल" ही मागणी आम्ही प्रेमाने पण ठामपणे नाकारतो.

शब्द येऊनही उतारा कळत नाही, याचं दुसरं कारण म्हणजे विषयाची ओळख नसणं. रेक्ट आणि लेस्ली यांनी 1988 साली अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळाची जाण असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ माहीत नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. हा निष्कर्ष आम्ही फार मनावर घेतला आहे. संचात एका विषयावर एक उतारा देऊन पुढे जात नाही. भूकंप, मधमाश्या, छपाईचा शोध, अशा प्रत्येक विषयावर लागोपाठ तीन उतारे असतात. पहिल्यात ठेच लागलेले शब्द दुसऱ्यात पुन्हा भेटतात आणि तिसऱ्यात वाचणारा त्या विषयात थोडा मुरलेला असतो.

व्याकरण : मराठी घरातल्या मुलांना नेमकं कुठे अडतं

सगळ्या व्याकरणावर सारखाच भर देणं आम्हाला पटत नाही. अनेकवचनाचं 'एस' किंवा तुलनेची रूपं यांचा सराव संचात आहे, पण थोडक्यात. जिथे मराठीची घडण इंग्रजीपेक्षा वेगळी आहे, तिथे मात्र आम्ही मुक्काम ठोकतो.

सगळ्यात आधी 'अ' आणि 'द'. मराठीत असे शब्दच नाहीत, त्यामुळे मुलांना ते वाक्याची सजावट वाटते. ही दोन वाक्यं बघा : 'अ मॅन केम इन अँड सॅट डाउन. आफ्टर अ व्हाइल, अ मॅन स्टूड अप.' उठलेला माणूस आत येऊन बसलेलाच का? तसा असता तर लेखकाने 'द मॅन' किंवा 'ही' म्हटलं असतं. 'अ मॅन' म्हटल्याने हा कुणी दुसराच, असं वाचणारा धरून चालतो. 'अ' म्हणजे वाचकाला नवी ओळख, 'द' म्हणजे आधीची ओळख. एवढं लक्षात आलं की हे चिमुकले शब्द उतारा समजायला मदत करू लागतात. म्हणून आमच्या पत्रिकेत रिकाम्या जागेआधी "हा तोच माणूस की वेगळा?" असा प्रश्न येतो. 'अ' की 'ॲन' हे अक्षरावर नसून उच्चारावर ठरतं, म्हणून 'ॲन अवर' पण 'अ युनिव्हर्सिटी', हा भाग एका पानात संपतो.

क्रियापद कुणाच्या मागे जातं, हा दुसरा मुक्काम. 'मुलीने दोन प्रश्न सोडवले' या वाक्यात आपलं क्रियापद प्रश्नांच्या मागे गेलं आहे, मुलीच्या नाही. इंग्रजीत ते कायम कर्त्याशी बांधलेलं. त्यात कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये दुसरं नाम आलं की गोंधळ वाढतो. 'द लिस्ट ऑफ बुक्स इज ऑन द टेबल' इथे जवळ 'बुक्स' दिसतात म्हणून हात 'आर' लिहितो. यासाठी लांब वाक्यातला खरा कर्ता शोधून अधोरेखित करण्याचा सराव आहे. वाचनातही तो उपयोगी पडतो, कारण लांबलचक वाक्य कळलं नाही तर आधी कर्ता आणि मुख्य क्रियापद शोधावं, बाकीचं मागून जोडावं.

काळांपैकी 'हॅव' लावून येणारा पूर्ण वर्तमानकाळ फार छळतो. 'मी त्याला काल पाहिलं आहे' हे मराठीत सहज चालतं, पण 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' इंग्रजीत चालत नाही. 'काल', 'गेल्या वर्षी', '1998 मध्ये' असा संपलेला काळ सांगितला की साधा भूतकाळच यायला हवा. तसंच 'आय ॲम नोइंग', 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' ही रूपं. मराठीतला 'आहे' तसाच उचलून आणल्यामुळे ती तयार होतात.

आणि दुसऱ्याचं बोलणं सांगण्याची पद्धत. 'ती म्हणाली की मी उद्या येते' यात मराठी तिचा 'मी' तसाच ठेवते. इंग्रजी सगळं फिरवते : 'शी सेड दॅट शी वुड कम द नेक्स्ट डे'. हा नियम पाठ असलेली मुलंसुद्धा उताऱ्यात 'ही टोल्ड हिम दॅट ही वॉज लेट' असं वाक्य आलं की चाचपडतात. उशीर कुणाला झाला? यातला प्रत्येक 'ही' कोण, हे बाण काढून दाखवण्याचा प्रश्न जवळपास प्रत्येक पत्रिकेत आहे. मुलांना तो आवडतोही.

लपलेल्या नकारासाठीही स्वतंत्र पत्रिका आहेत. 'हार्डली', 'अन्लेस', 'सेल्डम' यांत 'नॉट' दिसत नाही, म्हणून अर्थ थेट उलटा लावला जातो. 'अ फ्यू स्टुडंट्स केम' म्हणजे काही जण आले. 'फ्यू स्टुडंट्स केम' म्हणजे फारसं कुणी आलंच नाही. एका 'अ'ने लेखकाचा सूर बदलला, आणि सुरावरच्या प्रश्नाचं उत्तरही.

पत्रिका सोडवण्याची रीत

उतारा पहिल्यांदा शब्दकोश न उघडता शेवटपर्यंत वाचावा. अडलेल्या शब्दाखाली फक्त रेघ मारावी. मग पान झाकून, काय वाचलं ते दोन-तीन वाक्यांत लिहावं, मराठीत लिहिलं तरी चालेल. हे झाकून आठवणं मुलांना कंटाळवाणं वाटतं आणि पालकांना वेळ फुकट गेल्यासारखं. पण रोडिगर आणि कार्पिक यांच्या 2006 सालच्या प्रयोगात, मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवलं, तर आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवलं. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, हे लक्षात घ्यावं.

त्यानंतर प्रश्न. प्रत्येक उत्तरापुढे एक छोटा चौकोन आहे. त्यात उत्तर ज्या ओळीवरून काढलं तिचा क्रमांक लिहायचा. चौकोन रिकामा राहिला तर उत्तर बरोबर असलं तरी आम्ही ते कच्चं धरतो. शब्दकोश सगळ्यात शेवटी, आणि तोही रेघ मारलेल्या शब्दांपैकी ज्यांच्यावाचून खरोखर अडलं तेवढ्यांसाठीच.

चुकांची एक वही ठेवावी ही आमची आग्रहाची विनंती आहे. चुकलेलं वाक्य, दुरुस्त वाक्य आणि चूक का झाली याची एक ओळ, एवढंच तिच्यात असावं. 'नीट वाचलं नाही' हे कारण लिहू नये, त्यातून काही कळत नाही. 'यस्टरडे असूनही हॅव वापरलं' असं नेमकं लिहावं. ती पानं दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा सोडवावीत. पत्रिकांचा एकाच दिवशी फडशा पाडण्यापेक्षा आठवड्यात तीन पत्रिका वेगवेगळ्या दिवशी केलेल्या बऱ्या.

इंग्रजी येत नसलेल्या पालकांनी काय करावं

ही शंका पालक जरा संकोचाने विचारतात, म्हणून स्पष्ट लिहितो : तुमची मदत इंग्रजी न येताही होते. शेजारी बसा आणि दोनच गोष्टी विचारा. "हे कुठे लिहिलंय, ओळ दाखव." आणि "दुसरा पर्याय का नाही?" मूल मराठीत समजावून सांगू लागलं की त्याला काय कळलं आणि काय नाही, हे त्याचं त्यालाच उमगतं. उत्तरपुस्तिका मराठीत असल्यामुळे पडताळणीही तुम्हाला करता येईल. फक्त गुण मोजून थांबू नका, आणि पत्रिका संपायच्या आत चूक दाखवू नका.

या संचातून काय मिळणार नाही

उच्चार आणि संभाषण यांसाठी हा संच नाही. त्याला ऐकणं-बोलणंच हवं. पाठ्यपुस्तकातल्या धड्यांची आणि कवितांची तयार उत्तरं यात नाहीत. आणि गोष्टींच्या पुस्तकांची जागा पत्रिका घेऊ शकत नाही. मूल आवडीने काही इंग्रजी वाचत असेल, मग ते चित्रकथा असो की क्रिकेटच्या बातम्या, तर त्या वेळेत पत्रिका पुढे करू नका.

संच निवडताना

आमचे तीन स्तर इयत्तेनुसार नसून वाचनाच्या पातळीनुसार आहेत. नववीतल्या मुलाला पहिल्या स्तरापासून सुरुवात करावी लागली तर त्यात कमीपणा मानू नये, आणि सातवीतली मुलगी तिसऱ्या स्तराला योग्य असेल तर तिला अडवू नये. माहितीपत्रकासोबत तपासणीची एक पत्रिका जोडली आहे. ती मुलाने एकट्याने, शब्दकोशाशिवाय सोडवावी. अनोळखी शब्दांखाली रेघा माराव्यात आणि ओळींचे क्रमांक चौकोनात भरावेत. खाडाखोड असली तरी तशीच राहू द्या, पुन्हा सुवाच्य करून पाठवू नका. खोडलेल्या उत्तरांवरून आम्हाला बरंच कळतं. ती पत्रिका आमच्याकडे पाठवली की कोणत्या स्तरापासून सुरुवात करावी आणि व्याकरणातल्या कोणत्या पत्रिका आधी घ्याव्यात, हे आम्ही लिहून कळवू.