शाळेच्या हॉलमधलं ‘रविवर्म्याचं तैलचित्र’

पुण्यातल्या जुन्या शाळांमध्ये एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते: हॉलमधलं काचेमागचं देवाचं चित्र म्हणजे राजा रविवर्म्याच्या हातचं मूळ तैलचित्र. बहुतेक वेळा ते तैलचित्र नसतं, आणि कित्येकदा रविवर्म्याचंही नसतं.

ते असतं दगडावरून छापलेलं चित्र, म्हणजे शिळाछाप. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि तोच कागद पुन्हापुन्हा दाबाखाली. एक रंग जरा सरकला की ओठांची लाली ओठांबाहेर येते. वरून रोगण आणि कॅनव्हाससारखा पोत दिला की लांबून तैलरंगच वाटतात. भिंग धरून देवीचा गाल पाहा. ब्रशचा फटकारा नाही, सगळे बारीक ठिपके दिसतील.

आता नावाचं. रविवर्म्याचा छापखाना मुंबईत 1894 मध्ये सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पण त्याआधीच, 1878 मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांबरोबर पुण्यात ‘चित्रशाळा’ हा चित्रांचा छापखाना काढला होता. त्यांनीच टिळकांबरोबर काढलेली न्यू इंग्लिश स्कूल ही शाळाही त्यानंतरची, 1880 ची. चित्रशाळेचं रामपंचायतन घराघरांत पोचलं. इतकं मोठं काम करणाऱ्या आपल्याच गावच्या छापखान्याचं श्रेय दुसऱ्याच्या नावावर जावं, याचं मला फार वाईट वाटतं.

छापखान्याचं नाव बहुधा चित्राच्या खालच्या समासात असतं, आणि नेमका तोच भाग चौकटीखाली दडतो किंवा कापला जातो. म्हणून चौकट बदलायला काढाल तेव्हा आधी समास वाचा, त्याचा फोटो घ्या, आणि फ्रेमवाल्याला कात्री लावू देऊ नका.